आउटपोअरिंग की आउटबर्स्ट? रॉजेचा थिसॉरस, अकरा वर्षं वापरल्यावर

माझं काम भाषांतराचं. सकाळी रुग्णांना वाटायची माहितीपत्रकं इंग्रजीतून मराठीत करते, दुपारी लेख आणि बातम्या, आणि मधूनमधून उलट दिशेनं मराठीतून इंग्रजीत. या कामात मला सगळ्यात जास्त त्रास दिला असेल तर तो बाहेर पडणाऱ्या, वाहणाऱ्या, उसळणाऱ्या गोष्टींच्या शब्दांनी. गश, स्पर्ट, स्पाउट, ऊझ, सीप, इरप्शन, आउटबर्स्ट, आउटपोअरिंग, इफ्यूजन, स्पेट. शब्दकोशात प्रत्येकाचा अर्थ मिळतो, पण दोन शब्दांतलं अंतर मिळत नाही. म्हणून घेतलेलं हे पुस्तक, रॉजेचा थिसॉरस, म्हणजे इंग्रजी शब्दांचे अर्थानुसार गट लावून दिलेला कोश. ते कुणी घ्यावं, कोणतं घ्यावं आणि ते कुठे कमी पडतं, हे आता खात्रीनं सांगू शकते.

घेण्याचं कारण एक चूक. एका दिवंगत कलावंतावरच्या इंग्रजी लेखात 'आउटपोअरिंग ऑफ ग्रीफ' असं होतं. रात्री साडेदहाला मजकूर द्यायचा होता. मी लिहिलं, 'दुःखाचा उद्रेक झाला'. पुरवणी बघणाऱ्या संपादकांचा फोन आला. "ताई, लोक रांगेत उभं राहून फुलं वाहतायत आणि तुम्ही उद्रेक म्हणताय. वाचणाऱ्याला वाटेल दगडफेक झाली." त्यांचं बरोबर होतं. उद्रेक म्हटलं की काहीतरी फाटतं, कुणाला तरी इजा होते. लेखात तसं काहीच नव्हतं. माणसं येत होती, रडत होती, पुढे सरकत होती. शेवटी 'लोकांना शोक आवरेना' असं छापलं गेलं. ते चुकीचं नाही, पण त्यातलं वाहणं गेलं, आणि ते मला बरेच दिवस खटकत राहिलं.

त्याच आठवड्यात अप्पा बळवंत चौकातून पुस्तक आणलं, २४० रुपयांना. घरी येऊन उघडलं तर मागे सूचीच नाही. हजार शीर्षकं आहेत, त्यांखाली शब्द आहेत, पण 'गश' कुठल्या शीर्षकाखाली सापडेल हे सांगणारी मागची पानं छापणाऱ्यानं गाळलेली. सूचीशिवाय हे पुस्तक म्हणजे दारांवर पाट्या नसलेली कचेरी. दुसऱ्या दिवशी परत गेले. दुकानदारानं कटकट न करता बदलून दिलं, वरचे १८० रुपये घेऊन. "ताई, आधी मागची पानं बघायची, मग पुढची," असं म्हणाला. हा सल्ला मी आता सगळ्यांना देते. १९११ च्या आवृत्तीची स्वस्त पुनर्मुद्रणं बाजारात बरीच आहेत. घेताना उलटं करून आधी सूची बघा.

पुस्तकाबद्दल थोडं, कारण त्याची रचना कळल्याशिवाय उपयोग होत नाही. पीटर मार्क रॉजे हा लंडनचा डॉक्टर, जन्म १७७९. १८०५ मध्ये त्यानं स्वतःच्या लेखनासाठी शब्दांची एक वही केली, अर्थानुसार गट पाडून. ती वही जवळपास अर्धं शतक त्याच्या टेबलावर राहिली. निवृत्तीनंतर त्यानं ती वाढवली आणि १८५२ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, छापली. पुढे त्याच्या मुलानं आणि नातवानं ती सांभाळली. सहा मोठे वर्ग आहेत: अमूर्त संबंध, अवकाश, द्रव्य, बुद्धी, इच्छा, भावना. त्यात मिळून हजार शीर्षकं. अकारविल्हे काही नाही. शेजारी शेजारी काय येईल हे अर्थ ठरवतो.

या माणसाची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. लंडनच्या पिण्याच्या पाण्याची चौकशी करायला १८२७ मध्ये सरकारनं तिघांचा आयोग नेमला. अभियंता थॉमस टेलफर्ड, रसायनशास्त्रज्ञ विल्यम ब्रँड आणि तिसरा हा रॉजे. थेम्समधून उचललेलं घाण पाणी लोकांच्या घरात जात होतं, त्याबद्दलचा अहवाल त्यांनी १८२८ मध्ये दिला. म्हणजे ज्यानं पाण्याच्या शब्दांची रांग लावली, त्यानं पाणी कुठून निघतं, कुठे मुरतं आणि कशानं नासतं हेही सरकारी कामात बघितलेलं होतं. शीर्षक क्रमांक ३४८ वाचताना मला ते जाणवतं.

३४८ म्हणजे वाहतं पाणी. (हे क्रमांक १९११ च्या आवृत्तीतले, नव्या आवृत्त्यांत बदललेले आहेत.) तिथे क्रियापदांची एक ओळ आहे ती बघा: गश, पोअर, स्पाउट, रोल, जेट, वेल, इश्यू. मग ड्रॉप, ड्रिप, ड्रिबल, ट्रिकल. आणखी पुढे गगल, मर्मर, बॅबल, बबल, पर्ल, गर्गल. म्हणजे जोरानं येणारं पाणी आधी, थेंबथेंब गळणारं त्यानंतर, आणि मग नुसतं आवाज करणारं. खळखळ, झुळझुळ, गुडगुड, बुडबुड हे आपल्याकडचे शब्द मी पेन्सिलीनं समासात लिहून ठेवलेत. गगलला गुडगुड अगदी चपखल बसतो. तांब्या उपडा केल्यावर होतो तो आवाज.

आणि ओळीच्या शेवटी लिहिलेलं असतं की बाहेर निघणाऱ्या पाण्यासाठी २९५ बघा. २९५ म्हणजे बाहेर पडणं. तिथे आउटब्रेक, आउटबर्स्ट, इरप्शन आहे. त्याच परिच्छेदात घाम येणं, गळती, झिरपणं आहे. आणि तिथेच आउटपोअरिंग आणि इफ्यूजन. आउटबर्स्ट आणि आउटपोअरिंग एकाच छपराखाली! माझी चूक जिथे झाली तिथेच हे पुस्तक ती पुन्हा करायला लावू शकतं. शब्द शेजारी बसवताना त्यांच्यातला फरक ते सांगत नाही. अर्थ देत नाही, उदाहरण देत नाही, कोणता शब्द जुना झाला याची खूणही करत नाही. 'प्रोरप्शन' आजच्या लेखनात मला कुठेही भेटलेला नाही, पण छापलाय तो इरप्शनला खेटून, तितक्याच ऐटीत.

मग वापरायचं कसं? मी माझ्यापुरती एक सोय लावली. शब्द आला की विचारायचं, भांड्याचं काय झालं?

पोअर, आउटपोअरिंग, ओव्हरफ्लो यांत भांडं शाबूत असतं. भरतं आणि ओसंडतं, किंवा कुणीतरी ओततं. लीकमध्ये भांड्याला भोक पडलेलं असतं. ऊझ आणि एक्स्यूडमध्ये भोक दिसत नाही, अंगातूनच पाझरतं, उन्हाळ्यात माठ पाझरतो तसं. एक्स्यूडच्या पोटात लॅटिनमधला घाम आहेच. स्पर्टमध्ये भोक बारीक आणि आतून दाब मोठा. त्याला आपला चिळकांडी हा शब्द इतका नेमका आहे की मला तो वापरायला मिळाला की बरं वाटतं. आणि बर्स्ट, इरप्ट, रप्चर यांत भांडं गेलं. लॅटिनमधलं 'रुम्पेरे' म्हणजे फोडणं, मोडणं. इरप्शन त्यातून आला, करप्ट आणि अब्रप्टही त्यातूनच. हा प्रश्न विचारला की 'आउटपोअरिंग ऑफ ग्रीफ' आपोआप सुटतो. भांडं फुटलेलं नाही. 'शोक ओसंडत होता' म्हणा, 'लोकांच्या शोकाला वाट मिळाली' म्हणा. आणि 'आउटबर्स्ट ऑफ अँगर' असेल तर उद्रेक, भडका, स्फोट यांतलं काहीही चालेल.

अडचण पुढे येते. मराठीतला आपला 'फुटणे' हा नियम पाळत नाही. इंग्रजीत बर्स्ट म्हटलं की बहुधा नासधूस आली. मराठीत पाझर फुटतो, पान्हा फुटतो, पालवी फुटते, कंठ फुटतो, वाचा फुटते, घाम फुटतो. काहीच मोडत नाही, उलट जे बंद होतं ते सुरू होतं. आणि त्याच क्रियापदानं बांध फुटतो, बिंग फुटतं, परीक्षेचा पेपर फुटतो. माझ्या सासूबाई पुण्याच्या, १२ जुलै १९६१ हा दिवस त्यांनी बघितलेला. त्या कधी 'पूर आला' म्हणत नाहीत, 'पानशेत फुटलं' म्हणतात, आणि त्या दोन शब्दांत धरण, नदी आणि वाहून गेलेले वाडे सगळं येतं. तिथे इंग्रजी बर्स्ट आणि मराठी फुटणं अगदी एक. पण 'पान्हा फुटला'ला बर्स्ट लावला तर वाचणारा घाबरेल. तिथे 'लेट डाउन' म्हणतात. आईचं दूध उतरण्याला स्तनपानाच्या पत्रकात तोच शब्द असतो. तो मला रॉजेनं नाही दिला, एका परिचारिकाताईंनी सांगितला.

पेव फुटणं हा तर वेगळाच मासला. पेव म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार. 'क्लासेसचं पेव फुटलंय' असं आपण सहज म्हणतो. इंग्रजीत अशा ठिकाणी स्पेट येतो, 'अ स्पेट ऑफ बर्गलरीज'. स्पेट हा मुळात स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडकडचा शब्द, नदीला अचानक आलेलं पाणी. त्यांच्याकडे पूर, आपल्याकडे धान्य. दोघांनीही आपापल्या डोळ्यांसमोर जे उफाळताना पाहिलं तेच घेतलं.

शब्दांचं मूळ रॉजे देत नाही, आणि या विषयात मूळ कळलं की अर्धं काम होतं. त्यामुळे मी याच्या जोडीला व्युत्पत्ती देणारा एक चांगला इंग्रजी कोश उघडा ठेवते. त्यातूनच कळलं की एक्सप्लोड हा शब्द आधी नाटकगृहातला होता. नट आवडला नाही की प्रेक्षक टाळ्या पिटून, आरडाओरडा करून त्याला रंगमंचावरून घालवून द्यायचे, ते एक्सप्लोड. दारूगोळा नंतर आला. अप्लॉज त्याचाच भाऊ. गिझर हा आपल्या न्हाणीघरातला शब्द आइसलंडमधल्या एका उष्ण फवाऱ्याच्या नावावरून आलाय, गेसिर. त्यांच्या भाषेत 'गेसा' म्हणजे उसळणं. टॉरंट म्हणजे लोंढा, पण लॅटिनमधलं मूळ क्रियापद भाजण्या-करपण्याचं. पाणी उकळल्यासारखं धावतं म्हणून. आणि रायव्हल म्हणजे एकाच ओढ्याचं पाणी वापरणारा. पाटाच्या पाण्यावरून ज्याच्या गावात कोर्टकचेरी झाली आहे त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

पण या सगळ्यांत मला सर्वांत जवळचा वाटला तो एक्झुबरन्ट. आपण त्याचं भाषांतर 'उत्साही' असं करून मोकळे होतो. त्याच्या आत लॅटिनमधला 'उबेर' आहे, म्हणजे कास, गाईची कास. भरून वाहणारी, सुपीक. हे वाचलं त्या दिवशी मी जुन्या तीन भाषांतरांतला 'उत्साही' शोधून काढला. एका ठिकाणी तर पावसाळ्यानंतरच्या रानाचं वर्णन होतं, 'एक्झुबरन्ट ग्रोथ'. मी 'जोमदार वाढ' लिहिलं होतं. वाईट नाही. पण आता 'रानाला पान्हा फुटल्यासारखा' असं लिहिलं असतं.

दवाखान्याच्या कामात हे पुस्तक कसं उतरलं? बरंच चांगलं, कारण लिहिणारा डॉक्टर. २९५ मध्ये एक्स्ट्राव्हसेशन आहे, म्हणजे शिरेतून औषध किंवा रक्त बाहेर आजूबाजूला पसरणं. सामान्य माणसांच्या शब्दसंग्रहात तो सापडणार नाही. पत्रकात मी लिहिते, 'सलाईन शिरेबाहेर गेलं तर हात सुजतो, आग होते, लगेच सिस्टरना सांगा.' प्लूरल इफ्यूजनला कुणी 'फुप्फुसावरणीय स्राव' म्हणून मला परत पाठवलं तर मी भांडते. घरी लोक 'छातीत पाणी झालं' म्हणतात, पत्रक घरच्यांसाठी असतं. इफ्यूजन हा शब्दच मुळात ओतण्यातून आलाय, ट्रान्सफ्यूजनसारखा, तेव्हा 'पाणी' म्हणण्यात काही अशास्त्रीय नाही. डिस्चार्जचं मात्र प्रत्येक वेळी थांबून बघावं लागतं. जखमेतून पू येतो तो डिस्चार्ज, बाईच्या अंगावरून पांढरं जातं तो डिस्चार्ज, आणि पेशंट घरी जातो तोही डिस्चार्ज. एका पत्रकात तिन्ही होते. पहिल्या दोन ठिकाणी मी साधं मराठी लिहिलं, तिसऱ्याला डिस्चार्जच ठेवला, कारण सगळा महाराष्ट्र 'डिस्चार्ज मिळाला' असंच म्हणतो. इरप्शनही तसाच: कातडीवर असेल तर पुरळ उठणं, दातांचा असेल तर दात येणं.

पुस्तकाच्या बांधणीबद्दल फार लिहीत नाही. माझी दुसरी प्रतही तिसऱ्या वर्षी कण्यापाशी सुटली, कोपऱ्यावरच्या बाइंडरकडून शिवून घेतली. अक्षर बारीक आहे. चाळिशीनंतर दिव्याखाली बसावं लागतं.

इंटरनेटवर काय आहे, तर १९११ चा मजकूर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे, आणि तिथे शोधता येतं ही मोठी सोय. ग्लासगो विद्यापीठात १९६५ पासून ज्यावर काम चाललं तो इंग्रजीचा ऐतिहासिक थिसॉरस २००९ मध्ये छापून आला आणि आता त्याचं रूप संकेतस्थळावरही आहे. कोणता शब्द कधी वापरात होता हे तो सांगतो, म्हणजे रॉजेची मोठी उणीव भरून निघते. मोबाइलवरचे अकारविल्हे थिसॉरस मला पटत नाहीत. 'गश' टाकलं की सात-आठ शब्द तोंडावर फेकतात आणि संपलं. शेजारच्या पानावर काय आहे ते दिसत नाही, आणि माझ्या मते या पुस्तकाची खरी किंमत शेजारच्या पानात आहे. दुकानात 'डिक्शनरी फॉर्म' असं लिहिलेली रॉजेच्या नावाची पुस्तकंही मिळतात. तीही अकारविल्हे असतात. ती घेऊ नका. उलट दिशेच्या कामाला, म्हणजे मराठी शब्दाचा सगळा पसारा बघायला, मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आजही लागतो, शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो फुकट आहे.

शेजारच्या पानाचं म्हणते ते का, ते सांगते.

माझं माहेर कोकणातल्या राजापूरचं. गावाजवळ उन्हाळे नावाच्या ठिकाणी गरम पाण्याचा झरा बारमाही आहे, आणि वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, गंगा. गंगा म्हणजे नदी नव्हे. तिथे चौदा कुंडं आहेत, बहुतेक काळ कोरडी. मग एक दिवस खालून पाणी येतं, कुंडं भरतात, काही दिवस राहतं आणि जातं. लहानपणी कुणीतरी ओरडत वाडीत यायचं आणि आई हातातलं टाकून उठायची. "गंगा आली गो! चल, आंघोळीला जायचंय." दगडी कुंडाच्या तळाला, फटीतून, वाळूचे बारीक कण नाचवत पाणी वर यायचं. आवाज नाही, फवारा नाही. हात धरला तर तळव्याला खालून कुणी हळूच ढोसतंय असं वाटायचं. त्याला आम्ही उमाळा म्हणायचो. विहिरीलाही उमाळे असतात, आणि आईला मामाची आठवण आली की तिलाही उमाळा यायचा. शब्द एकच.

मागच्या वर्षी परदेशात वाढलेल्या माझ्या भाचीला हे इंग्रजीत लिहून पाठवायचं होतं. ३४८ उघडलं. गश नाही, तेवढा जोर नसतो. स्पाउट नाही, जेट नाही. मग त्याच ओळीतल्या वेलवर नजर गेली. वेल म्हणजे विहीर, आणि वेल म्हणजे खालून भरून येणं, दोन्हींचं मूळ जुन्या इंग्रजीतलं उकळणं-बुडबुडणं. 'टिअर्स वेल्ड अप' असं त्यांच्याकडेही म्हणतात. विहीर, पाणी, डोळे, तिन्ही एका शब्दात. उमाळ्याला हुबेहूब. मी खुर्चीवरून उठून स्वयंपाकघरात जाऊन नवऱ्याला सांगून आले.

पाण्याचं झालं. राहिलं 'आली'. 'द गंगा हॅज फ्लोड आउट' लिहून बघितलं, खोडलं. २९५ मधलं काहीच बसेना, कारण ते सगळं बाहेर पडणं आहे, आणि आमच्याकडे गंगा बाहेर पडत नाही. पानं मागे उलटली. २९४ आत शिरणं, २९३ निघून जाणं, २९२ येऊन पोचणं. २९२ मध्ये पहिला शब्द अरायव्हल, दुसरा ॲडव्हेंट, म्हणजे आगमन, आणि थोडं पुढे स्वागत. मी ॲडव्हेंट घेतला. पत्रात लिहिलं की सड्यावर गंगेचा ॲडव्हेंट झाला आणि तुझी आजी हातातलं पीठ तसंच ठेवून निघाली.

भाचीनं विचारलं, मग ती जाते तेव्हा काय म्हणता? त्यासाठी पुस्तक उघडावं लागलं नाही. गेली, एवढंच म्हणतो.